तांबडं फुटतानाचा माळ

वन्यप्राणी पाहायचे म्हटलं की आपल्याकडे ताडोबाचं नाव निघतं, नाहीतर मेळघाटाचं. मी ऐंशीच्या दशकापासून सोलापूर, करमाळा, कर्जत, इंदापूर, बारामती या पट्ट्यातल्या माळांवर पहाटे जात आलो आहे. इथे दाट झाडी नाही, आडोसा नाही. प्राण्याला माणूस लांबूनच दिसतो आणि माणसालाही प्राणी. पण ही गाठभेट होते ती झुंजुमुंजू झाल्यापासून दिवस कासराभर वर येईपर्यंतच. त्या वेळात गवतावर दहिवर असतं, वारा पडलेला असतो, चंडोल आभाळात चढून गात असतो. खोकड बिळाकडे परतताना दिसतं, भोवत्या पक्षी गवताला लागूनच घिरट्या घालतो. मग ऊन तापतं, जमिनीवरून झळा उठू लागतात, काळवीट बाभळीची सावली धरतात, लांडगा ओघळीत अंग टाकतो. दुपारी येणाऱ्याला हा माळ रिकामाच दिसतो. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या जमिनींचं जे झालं, त्यात दुपारच्या या दिसण्याचा वाटा मोठा आहे, असं माझं मत झालं आहे. कागदोपत्री पडीक म्हणून नोंदलेल्या या माळांवर प्रत्येकाला काहीतरी भरायचं होतं. पहाटे इथे काय भरलेलं असतं, ते पाहायला फार थोडे आले.

१९७२ चा दुष्काळ या भागातली जुनी माणसं विसरलेली नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला आणि मातीची धूप थांबावी म्हणून माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले. सोलापूरहून बार्शीकडे जाताना लागणाऱ्या नान्नजलाही असे तुकडे राखले होते. चराई थांबताच तिथे पवन्या, मारवेल आणि कुसळीचं गवत उठलं आणि त्या गवतात माळढोकाला आसरा मिळाला. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्याच दशकात या पक्ष्याकडे लक्ष वेधलं. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात माळढोकाचा बारकाईने अभ्यास केला. मी नान्नजला जाऊ लागलो तो याच सुमारास.

तेव्हाच्या श्रावणातल्या पहाटा मला अजून तपशिलाने आठवतात. पुरतं उजाडायच्या आत नर एखाद्या उंचवट्यावर येऊन उभा राही. उंचीला जवळपास मीटरभर, वजनाला बारा-पंधरा किलोपर्यंत जाणारा हा पक्षी, उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. तो गळ्याची पांढरी पिशवी फुगवी, ती पायांपर्यंत लोंबे. शेपूट पाठीवर उलटी पसरे आणि त्याचा आकारच बदलून जाई. मग आवाज येई. रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा तो घुमे, आणि नेमका कुठून आला ते कळायला वेळ लागे. माद्या गवतात इतक्या मिसळून गेलेल्या असत की मान हलेपर्यंत दिसत नसत. दिवस वर आला की नर पिशवी आवरून, नाकतोडे टिपत, संथपणे गवतात चालता होई.

मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढी सावकाश वाढणारी जात मोठ्या कुटुंबाच्या प्राण्यांसारखी नुकसान भरून काढू शकत नाही. भटकी कुत्री, घरट्याजवळची वर्दळ, चुकीच्या वेळी झालेली चराई, यातल्या कशानेही एखाद्या मादीचं ते वर्ष वाया जातं. शिवाय माळढोकाला समोरचं फारसं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐन वेळी वळता येत नाही, म्हणून विजेच्या तारा त्याच्यासाठी जीवघेण्या. २०११ मध्ये जगभरातल्या अतिसंकटग्रस्त प्रजातींत माळढोकाची नोंद झाली. आज उरलेत त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथे २०१९ पासून बंदिस्त प्रजननाचं काम चालू आहे आणि त्यातून पिल्लं वाढत आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. नान्नजला अलीकडच्या गणनांमध्ये एखाद-दुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. नराचा हुंकार मी इथे किती तरी वर्षांत ऐकलेला नाही.

अभयारण्याची आखणी हा या कथेतला दुखरा भाग आहे. एके काळी त्याचं क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर धरलं गेलं. त्यात शेती होती, गावं होती, रस्ते होते. खऱ्या गवताळ माळाचा भाग त्यात थोडा, पण जमिनीच्या व्यवहारांवरची बंधनं सगळ्यांना. एका टपरीवर चहा घेताना एक शेतकरी म्हणाले होते, “साहेब, पाखरू तुमचं, सातबारा आमचा.” त्यांच्या बोलण्यात राग होता आणि तो रास्त होता. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं, पण तोवर बराच काळ लोटला होता आणि माळढोक हा गावाच्या प्रगतीच्या आड येणारा पक्षी ठरून गेला होता. लोकांना बरोबर घेऊन थोडाच, पण नेमका माळ राखला असता, तर आज नान्नजची पहाट वेगळी असती, असं मला मनापासून वाटतं.

दरम्यान पाणी आलं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, कालवे निघाले, पुढे कुकडीचं पाणी कर्जत-करमाळ्याकडे आलं. ऊस आला, द्राक्षबागा आल्या, शेततळी आली. ज्यांनी बहात्तर पाहिलं त्यांच्या दारात पाणी आलं, याचा आनंद मलाही आहे. उजनीच्या काठावर हिवाळ्यात रोहित उतरू लागले तेही याच पाण्यामुळे. पण ज्या माळावर पखुर्ड्यांचे थवे सकाळी पाणवठ्याकडे जाताना डोक्यावरून ओरडत जायचे, तिथे आता उसाचा फड उभा आहे. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. पाणी वाढलं तरी घरट्याला लागणारी कोरडी, खडकाळ, उघडी जमीन उरली नाही, मग ते पाणी न्यायचं कुणाकडे?

आणि झाडं. हे लिहिताना मी जरा थांबतो, कारण झाडाविरुद्ध बोललेलं कुणालाच रुचत नाही. पण गवताळ माळ म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. कमी पावसाच्या, पातळ मातीच्या या पठारावर गवत हीच परिपूर्ण वनस्पतीसृष्टी आहे. माळढोक राखायच्या जागांवरसुद्धा गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. राज्यात २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं गेलं, तेव्हा कित्येक माळांवरही खड्डे निघाले. धाविक आणि माळटिटवी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. धोका दिसायला त्यांना चहूबाजूंनी मोकळी नजर लागते. सलग झाडोरा वाढला की ते ती जागा सोडतात. एका ओळखीच्या माळावर मी हे वर्षागणिक होताना पाहिलं: आधी धाविक गेले, मग चंडोलांची संख्या उतरली.

काळविटांनी मात्र हिंमत दिली. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० चं, क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेने काळविटाला तगवलं, आणि कळप वाढले तसे ते बाहेरच्या शेतांतही पसरले. पहाटे धुक्यात काळा नर आपल्या लेंड्यांच्या ढिगाजवळ मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून मिरवत असतो. दुसरा नर हद्दीत आला की दोघं समांतर चालतात, बरेचदा झुंज तिथेच मिटते. हरभऱ्याचं आणि ज्वारीचं नुकसान होतं, हे खरंच आहे. तरीही या भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी काळविटाला जे सोसलं आहे, त्याची दखल फार कमी घेतली जाते. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं. तिथे चिंकारा पाहायचा तर अंधारात पोचावं लागतं, कारण पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या की तो पार टोकाला जातो. अलीकडे इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये वनविभागाने गवताळ प्रदेशाच्या सफरी सुरू केल्या आहेत. तिथली गावातली मुलं वाटाडे आहेत. कुठल्या बांधावर कुठला ससाणा बसतो ते त्यांना पाठ असतं. माझ्या तरुणपणी या माळाला कुणी तिकीट काढून येईल असं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता राहिला लांडगा. या माळाचा खरा धनी तोच, आणि त्याचा सर्वांत जुना शेजारी म्हणजे धनगर. हिवाळ्यात एखाद्या ओघळीच्या कडेला पिल्लं असतात. रात्रभर फिरलेली जोडी फटफटताना परत येते, पिल्लं तोंडाशी झोंबतात आणि पोटात आणलेलं मांस त्यांना ओकून दिलं जातं. हे पाहायचं तर फार लांबून, दुर्बिणीतून, आणि बिळाचा पत्ता कुणालाही न सांगता. फिरत्या वाड्यावरच्या धनगरांकडून मी लांडग्याविषयी जेवढं शिकलो तेवढं पुस्तकांतून नाही. एक वयस्कर मामा म्हणाले होते, “कोकरू नेलं तर वाईट वाटतं, पर त्याचं बी पोट हाय. त्याचा वाटा देवानंच लिवलाय.” त्यांच्या मुलाच्या तोंडी ही भाषा राहिलेली नाही. त्याची मेंढरं कमी झाली आहेत, चराईच्या जागा कुंपणात गेल्या आहेत, एका कोकराची किंमत त्याला आता फार मोठी आहे.

कायद्याने लांडगा वाघाच्याच, पहिल्या अनुसूचीत आहे. पण त्याचा आजचा मोठा शत्रू गावाच्या उकिरड्यावर वाढलेली मोकाट कुत्री आहेत. त्यांच्याकडून रोग येतात, आणि लांडग्याला जोडीदार मिळाला नाही की संकर होतो. पुण्याजवळच्या माळावर दिसलेल्या वेगळ्या, पिवळसर रंगाच्या प्राण्याची जनुकीय तपासणी झाली आणि तो लांडगा-कुत्र्याचा संकर असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं. तेव्हा आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि निर्बीजीकरण हे आता माळ राखण्याचंच काम आहे. दुसरं काम भरपाईचं. लांडग्याने मेंढरू मारलं तर पैसे मिळण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी वर्दी द्यावी लागते, मेलेलं जनावर जागेवर ठेवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो, बँकेचं खातं आणि कागद लागतात. धनगराचा वाडा तर सकाळीच पुढच्या गावाला हलतो. तिथल्या शेतकऱ्याने खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलेलं असतं. तो एका कोकरासाठी दोन दिवस मागे थांबू शकत नाही. पंचनामा वाड्यावर, त्याच पहाटे, फोनवरच्या फोटोवरून का होऊ नये, असं मला त्या मामांच्या मुलाने विचारलं. मलाही तो प्रश्न रास्त वाटतो.