धीर देण्याचेही शिक्षण असते

आजार पूर्ण बरा होण्यासारखा नसला, की ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ हे वाक्य कानी पडते. वस्तुतः त्यानंतरही पुष्कळ करता येते. वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश यांवर इलाज करून रुग्णाचे दिवस सुसह्य करणे म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, अर्थात उपशामक उपचार. मूळ आजारावरील उपचार चालू असतानाही ते घेता येतात.

डॉ. सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना त्यांचीच. शरीराच्या दुखण्यात भीती, पैशाची चिंता, मुलाबाळांची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्नही मिसळलेला असतो. तिथे नुसत्या गोळीने भागत नाही. म्हणूनच या विभागातील डॉक्टर आणि नर्स यांना मन जाणण्याचे शिक्षण द्यावे लागते.

त्यात काय शिकवतात? वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली. निवांत जागी बसावे. रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारावे. किती जाणून घ्यायचे आहे ते त्यालाच ठरवू द्यावे. सोप्या शब्दांत थोडे थोडे सांगावे. रडू आले, राग आला तर वाव द्यावा. शेवटी पुढची दिशा ठरवावी. एकाने रुग्ण व्हायचे, दुसऱ्याने डॉक्टर, असा सराव करून घेतात. रोज मृत्यू पाहून सेवकांचे स्वतःचे मनही थकते. ते सहकाऱ्यांपाशी मोकळे करणे हाही या शिक्षणाचाच भाग.

आपल्याकडे ‘आईला काही सांगू नका’ असा आग्रह हमखास होतो. शिकलेली नर्स खोटे बोलत नाही आणि सत्य एकदम अंगावरही टाकत नाही. घरच्यांची भीती ऐकून घेऊन ती आईलाच विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं?’ पुष्कळदा आईला सारे उमगलेले असते. बोलायला माणूस तेवढा नसतो.

इथे अमिरातीत नर्स बहुधा केरळची किंवा फिलिपिन्सची असते, आणि आजींना मराठीच येते. अशा वेळी शाळकरी नातवाला दुभाषी करू नये. रुग्णालयाकडे दुभाषी मागावा, नाहीतर जाणत्या परिचिताला न्यावे. रुग्णालयात उपशामक उपचारांचे पथक व समुपदेशक आहे का, घरी नर्स येईल का आणि विम्यात यातले काय बसते, हेही आधीच विचारून घ्यावे.

रुग्णाला मायदेशी नेण्याचा विचार असल्यास वांद्र्याचे शांती आवेदना सदन (१९८६) आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र (१९९७) येथे विनामूल्य सेवा मिळते. सिप्ला केंद्रात नातेवाईक सोबत राहून शुश्रूषा शिकतात. इकडे परतताना मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल अशी औषधे जवळ असतील, तर अमिरातीच्या संबंधित सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी अवश्य घ्यावी.

घरच्यांनीही यातले एवढे शिकावे : सल्ले कमी द्यावेत, शेजारी बसावे आणि आधी ऐकावे.