बियालिकची अडखळलेली लय

इस्रायलच्या ‘राष्ट्रकवी’ची कविता तिथल्या मुलाने आज सरळ वाचली, तर तिचे वृत्त बिघडते. हिब्रू ही ‘मृत’ भाषा पुन्हा जिवंत झाली, ही कहाणी आपण नेहमी ऐकतो. त्या कहाणीत कवींनी काय गमावले, ते सहसा सांगितले जात नाही.

मुळात हिब्रू मृत नव्हतीच. प्रार्थना, धर्मचर्चा, पत्रव्यवहार यांत ती होती. मध्ययुगीन स्पेनमध्ये यहूदा हालेवीसारखे थोर कवी तिच्यात झाले. नव्हती ती फक्त स्वयंपाकघरात. हायिम नाहमान बियालिक (1873–1934) हा आजच्या युक्रेनमधला. त्याच्या घरी यिडिश बोलत. हिब्रू तो शिकला ती पोथ्यांतून, पूर्व युरोपातल्या अश्केनाझी उच्चारांनी. 1903 साली किशिनेवमध्ये ज्यूंची कत्तल झाली. ओडेसातल्या मंडळींनी चौकशीसाठी त्याला तिकडे पाठवले. त्यातून आलेल्या दीर्घकवितेत त्याने केवळ शोक केला नाही. मार खाणाऱ्या स्वजनांच्या हतबलतेवरही तो तुटून पडला. एका पिढीला तिने हलवून सोडले.

याच काळात जेरुसलेममध्ये एलिएझर बेन-येहुदा आणि शाळामास्तर मंडळी हिब्रू बोलती करत होती. पण त्यांनी उच्चार निवडले सेफार्डी वळणाचे. शनिवारच्या विश्रांतिदिनाला बियालिकच्या गावात ‘शाबोस’ म्हणत, आघात पहिल्या अक्षरावर. इथे झाले ‘शब्बात’, आघात शेवटच्या अक्षरावर. फरक किरकोळ वाटेल. पण आपले वृत्त लघु-गुरूंवर चालते, तसे या कवितेचे छंद आघातांवर उभे होते. एखाद्या श्लोकातले लघु-गुरू कुणी जागोजाग उलटेपालटे करावेत, तशी त्या ओळींची गत झाली. भाषा मुलांच्या तोंडी यावी म्हणून ज्याने जन्म वेचला, त्याची लय मुलांच्या तोंडी आल्यावरच मोडली!

1924 मध्ये बियालिक तेल अवीवला स्थायिक झाला. मोठा मान मिळाला. कविता मात्र केव्हाच विरळ झाली होती. त्या मौनाची कारणे अनेक, सगळा दोष उच्चारांवर टाकणे मला पटत नाही. उतारवयात त्याने नव्या आघातात थोडे लिहूनही पाहिले.

नवा आघात सहज पेलला तो राहेलने (1890–1931). ही रशियन भाषेत वाढलेली मुलगी 1909 मध्ये पॅलेस्टाइनला आली आणि बालवाडीतल्या मुलांचे बोलणे ऐकत हिब्रू शिकली, असे सांगतात. पुढे किनेरेत सरोवराकाठी शेतीकाम, मग क्षय आणि एकटेपण. तिच्या कविता छोट्या, साध्या शब्दांच्या. पोथीचे ओझे त्यांना नाही. श्लोन्स्कीने तर बियालिकच्या भारदस्त शैलीविरुद्ध उघड बंड केले. आणि 1955 च्या पहिल्या संग्रहापासून येहुदा अमिखाईने प्रार्थनेतले शब्द उचलून थेट रस्त्यावरच्या, बिछान्यातल्या, युद्धातल्या बोलण्यात मिसळले. पोथीची भाषा घरची झाल्यावरच अशी सलगी करता येते.

बियालिकच्या कविता आजही शाळेत शिकवतात, चाली लावून गातात. वाचताना आघात बहुतेकदा नव्या पद्धतीनेच पडतो. जुना ठेका धरून वाचणारे अभ्यासक अधूनमधून भेटतात. पण तसे वाचले, तर मुलांना ते परक्या भाषेसारखे वाटते.