मसुद्याचा वकील
पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाच्या परिसरातील एका वकिलांच्या कचेरीत, भोसरीला यंत्रांचे सुटे भाग तयार करणारे माझे एक स्नेही आणि त्यांचे दोघे भाऊ यांच्या भागीदारीचा दस्तऐवज तपासला जात असताना दुपारभर बसण्याचा योग आला. आणि चांगला वकील म्हणजे न्यायालय गाजवणारा वकील, ही व्यापारी वर्गात रूढ असलेली समजूत किती अपुरी आहे, याची खात्री पटली.

हे गृहस्थ न्यायालयात उभेच राहत नाहीत. मसुदा हेच त्यांचे कार्यक्षेत्र. हाती पेन्सिल घेऊन ते एकेक कलम मोठ्याने वाचीत आणि थांबून विचारीत, "तिघांपैकी एकजण उद्या गेला, तर?" सख्ख्या भावांना हा प्रश्न अभद्र वाटला, परंतु करारात अन्यथा तरतूद नसेल, तर १९३२ च्या भागीदारी अधिनियमान्वये एका भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते, हे ऐकल्यावर मृताच्या वारसांना नावलौकिकाचा हिस्सा कोणत्या हिशेबाने द्यावा, यावरच बराच वेळ खल झाला. पेढीची नोंदणी झालेली नाही, असे कळताच मात्र त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कारण अनोंदणीकृत पेढीला गिऱ्हाइकाविरुद्ध करारावरून दावाच लावता येत नाही.

न वटलेल्या एका धनादेशाचा विषय निघाला, तेव्हा ते काम त्यांनी निःसंकोचपणे फौजदारी न्यायालयात नित्य वावरणाऱ्या सहव्यावसायिकाकडे सोपवले. बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे भरण्यास १५ दिवस आणि पुढे महिन्याच्या आत फिर्याद, ही मुदतीची साखळी ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्यानेच ते हाताळावे, हे मला सर्वथा योग्य वाटते. व्यापारचिन्ह, कर, दिवाळखोरी यांचे वकील आणखी निराळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने कागद सिद्ध करावेत आणि कौन्सेलने युक्तिवाद करावा, ही विभागणी १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेली. तिच्यामागील शहाणपण मात्र अबाधित आहे.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने निवडीची जबाबदारी अशिलावरच पडते. त्याने पहिल्याच भेटीत, आपल्या स्वरूपाची कामे ते नित्य करतात काय, मसुदा स्वतः लिहितात की कारकुनाकडून जुनाच नमुना भरून घेतात आणि फी कशी आकारतात, हे स्पष्ट विचारावे. आणि ज्यांची पेढी केवळ परस्पर विश्वासावर चालली आहे, त्यांनी दप्तर उघडून नोंदणीचा दाखला आहे की नाही, एवढे तरी आजच पाहावे.