आस्वादातील अडथळा : ‘द गोल्डन बाउल’ आणि विल्यम जेम्स

सर्वमान्य लेखकाची कादंबरी वाचून आनंद झाला नाही, तर उणीव वाचकात की कृतीत, हा प्रश्न बहुधा भिडेपोटी विचारलाच जात नाही. हेन्री जेम्स यांच्या ‘द गोल्डन बाउल’ (१९०४) या कादंबरीविषयी तो विचारला गेला, आणि विचारणारा वाचक अनभिज्ञ नव्हता. लेखकाचे वडीलबंधू, तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०५ साली पत्रातून आपली नापसंती कळविली. संज्ञाप्रवाहाची कल्पना ज्यांच्या १८९० मधील ग्रंथामुळे रूढ झाली, त्यांनाच धाकट्या भावाची मनोव्यापारप्रधान कादंबरी रुचू नये, ही गोष्ट विचारार्ह आहे. त्यांना हवे होते स्वच्छ कथानक, ठसठशीत कृती आणि सरळ शैली.

कादंबरीतील घटना थोड्या आहेत. मॅगीचा पती अमेरिगो आणि तिच्या धनाढ्य पित्याची दुसरी पत्नी शार्लट यांचे पूर्वी प्रेमसंबंध होते; ते पुन्हा जुळतात. हे वाचकाला मॅगीच्या आधी कळते. म्हणजे लेखकाला रहस्य राखावयाचे नाही. कोणाला काय ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचे दुसऱ्याने किती ओळखले आहे, हाच त्याचा विषय. उत्तरार्धाच्या आरंभी मॅगीच्या मनातील संशय एका विलक्षण पॅगोड्याच्या रूपाने येतो. ती त्याभोवती फिरते, पण आत शिरण्याची वाट तिला दिसत नाही. येथे घटनेची वाट पाहणारा वाचक थकतो. कारण जाणिवेची ही प्रदक्षिणा हीच येथील घटना आहे. शिवाय १८९७ पासून मनगटाच्या दुखण्यामुळे जेम्स मजकूर तोंडी सांगून टंकलिखित करवीत. बोलण्यातील वळणे व पोटवाक्ये लेखनात शिरली, ती अशी.

तरीही वाचकाचा सगळाच कंटाळा अनाठायी म्हणता येणार नाही. फॅनी असिंगहॅम आणि तिचा पती कर्नल यांची रात्रीची संभाषणे इतरांच्या वर्तनाचा अर्थ लावण्यातच खर्ची पडतात, व ती निःसंशय लांबली आहेत. कर्नलची अधीरता पाहता जेम्स यांनाही याची जाणीव असावी. विल्यम यांची चूक एवढीच की, या कादंबरीकडून त्यांनी दुसऱ्याच कादंबरीची अपेक्षा केली.

हेन्री यांचे उत्तर थट्टेचे, पण ठाम होते : तुम्हाला आवडेल असे काही लिहून पाहीन, मात्र ते खरोखरच आवडले तर मला मानहानी वाटेल. पुढे १९०७ साली विल्यम यांचा ‘प्रॅग्मॅटिझम’ हा ग्रंथ वाचून त्यांनी आनंदाने कळविले की, आपण जन्मभर नकळत याच मताचे अनुयायी होतो.