अश्व हर्पिस व्हायरस-१ : वाण व तंत्रिका रोग

घोडा व त्याच्या कुलातील इतर प्राण्यांना होणारा, हर्पिस कुलातील एक डीएनए व्हायरस. शिंगरांमध्ये नाक व घशाचा दाह, गाभण घोडीमध्ये गर्भपात आणि क्वचित मेरुरज्जूला इजा होऊन मागील पायांचा पक्षाघात, असे तीन प्रकारचे विकार त्याच्यामुळे होतात. त्याच्याशी निकटचे साम्य असलेला अश्व हर्पिस व्हायरस-४ मुख्यतः श्वसनमार्गापुरता मर्यादित राहतो. पूर्वी हे दोन्ही एकाच व्हायरसाचे उपप्रकार मानले जात.

व्हायरसजन्य गर्भपाताचे वर्णन अमेरिकेतील केंटकी राज्यात १९३० नंतरच्या दशकात झाले. तंत्रिका रोग झालेल्या घोड्यातून व्हायरस वेगळा करण्याचे काम नॉर्वेमध्ये १९६६ साली झाले.

व्हायरस श्वासावाटे शरीरात शिरतो, नाकाच्या श्लेष्मकलेत वाढतो आणि श्वेत कोशिकांमधून रक्तात पसरतो. मेरुरज्जूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा दाह होऊन त्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात व लगतच्या ऊतकाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणजे इजा तंत्रिका कोशिकांवरील थेट हल्ल्यापेक्षा मुख्यतः या रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे होते. ताप येऊन गेल्यावर काही दिवसांनी घोडा अडखळू लागतो, शेपटी लुळी पडते, मूत्र थेंबथेंब गळते. काही घोडे कुत्र्यासारखे बसतात, तर काही आडवे पडतात. उभे राहू शकणारे बहुधा बरे होतात. आडवा पडलेला घोडा वाचण्याची आशा थोडी असते. अलर्क रोग व सरा यांतही पक्षाघातासारखी लक्षणे दिसत असल्याने निदान प्रयोगशाळेतच पक्के होते.

जनुकीय वाणांचा प्रश्न २००६ साली पुढे आला. अनेक देशांतील साथींच्या व्हायरसांची तुलना करता, डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज एंझाइमाच्या जनुकात २२५४ व्या स्थानी ॲडेनिनाऐवजी ग्वानीन असल्यास पक्षाघाताच्या साथी पुष्कळ अधिक आढळतात, असे दिसले. या एका बदलाने प्रथिनातील ७५२ व्या ॲस्पॅराजिनाची जागा ॲस्पार्टिक अम्ल घेते. असा वाण रक्तात अधिक प्रमाणात व अधिक काळ राहतो, असे प्रयोगांत आढळले. त्यावरून ‘तंत्रिका-रोगकारक’ व ‘अरोगकारक’ अशी नावे रूढ झाली. ती सोयीची असली, तरी फसवी आहेत. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये उड्यांच्या स्पर्धेसाठी जमलेल्या घोड्यांत मोठी साथ उद्भवली व परतणाऱ्या घोड्यांबरोबर ती इतर देशांत गेली. तीत १८ घोडे दगावले. या साथीतील व्हायरसाच्या २२५४ व्या स्थानी मात्र ॲडेनीनच होते. उलट पहिला वाण गर्भपातांतही सापडतो. यजमानाचे वय, प्रवासाचा ताण व रक्तातील व्हायरसाचे प्रमाण यांनाही महत्त्व असल्याने वाणाच्या नावावरून निर्धास्त होणे धोक्याचे ठरते.

एकदा शिरलेला व्हायरस घोड्याच्या शरीरात, विशेषतः चेहऱ्याच्या तंत्रिका-गुच्छिकेत, सुप्त राहतो व ताण पडल्यास पुन्हा जागा होतो. त्यामुळे घोडे दुरून येऊन थोड्या दिवसांसाठी एकत्र राहतात, तेथे धोका अधिक. नासिक जिल्ह्यातील येवल्याचा घोडेबाजार व नासिक विभागातच तापीकाठी सारंगखेडे (जि. नंदुरबार) येथे दत्तजयंतीस भरणारी यात्रा ही अशी ठिकाणे आहेत. परराज्यांतील घोडे येथे शेजारी शेजारी बांधले जातात. पाण्याची बादली, तोबरा, लगाम व मोतद्दाराचे हात यांवाटेही संसर्ग पोहोचतो.

हिसार (हरयाणा) येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने गर्भपात टाळण्यासाठी निष्क्रियित व्हायरसाची लस तयार केली आहे. पक्षाघातापासून खात्रीने संरक्षण देणारी लस मात्र उपलब्ध नाही. म्हणून नव्या घोड्यास काही आठवडे वेगळे बांधणे, रोज दोनदा ताप पाहणे आणि ३८.५° से. पेक्षा अधिक ताप आढळताच हालचाल थांबवून नाकातील स्राव तपासणीस पाठविणे, हेच मुख्य उपाय होत. साथीत शेवटच्या रुग्णानंतर सामान्यतः २१ ते २८ दिवस घोडे बाहेर नेत नाहीत. व्हायरसाचे मेदयुक्त आवरण साबण व नेहमीच्या जंतुनाशकांनी सहज नष्ट होते. रुग्ण घोड्यास जाड, मऊ अंथरूण देतात, त्याची कूस वारंवार बदलतात, दाहरोधक औषधे देतात व मूत्राशय नळीने रिकामे करतात.