घराची जागा घेताना वकील कसा पाहावा?

आपल्या वस्तीत कोणी प्लॉट घेतला की सर्वांनाच आनंद होतो. पेढे वाटले जातात, पाहुणे जागा पाहून येतात. पण "कागद कोणाला दाखवलेत?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "बाँड केलाय ना!" या बाँडने किती घरे रडवली, ते कार्यालयात फाइली सांभाळताना आणि वस्तीत काम करताना मी जवळून पाहिले आहे. आणि दुसऱ्याचे कशाला सांगू? मी स्वतःही त्याच खड्ड्यात पडता पडता वाचलो.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालये आली, नोकरदार आले, गावाभोवतीच्या शेतांत दगड रोवून प्लॉट पडू लागले. हिंगोलीत जे झाले तेच पुढे वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथेही झाले. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी सातबारा हातात धरला नाही, अशी आपली माणसे पहिल्यांदाच जागा विकत घेऊ लागली. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पहिल्यांदा घेणाऱ्याला फसवणे सर्वांत सोपे असते, हेही तितकेच खरे.

अक्काचा प्रश्न

गोष्ट २०१७ सालची. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पतसंस्थेचे कर्ज, भिशी आणि सौ.चे थोडे सोने असा मेळ घालून ३० बाय ४० फुटांचा एक प्लॉट ठरवला. दलाल म्हणाला, "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आजच इसार द्या." मी ५१ हजार रुपये रोख दिले. तो पुढे म्हणाला, "वकीलही आमचाच आहे, फी मालक देतील. तुम्ही फक्त सहीला या." मी बी.कॉम. झालेला माणूस, दिवसभर हिशेब तपासणारा! पण फुकट म्हटल्याबरोबर खूश झालो.

संध्याकाळी थोरली बहीण आली. अक्का चौथी शिकलेली, जन्मभर मजुरी केलेली. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अरे, ज्याची फी दुसरा देतो, तो तुझं कशाला बघंल?"

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःचा वकील शोधू लागलो.

तीन वकील, तीन हिशेब

मुंबईत मोठ्या व्यवहारांसाठी सॉलिसिटर असतात. आपल्याकडे ते काम सनदधारक वकीलच करतात. दस्तलेखक किंवा मुद्रांक विक्रेता खरेदीखत लिहून देईल, नोटरी शिक्का मारील. पण विकणारा खरोखर मालक आहे का, हे तपासणे त्यांचे काम नव्हे. लेखन वेगळे आणि तपासणी वेगळी. आपण बहुतेक वेळा लेखनाचे पैसे देतो आणि तपासणी झाली असे समजतो.

पहिले वकील म्हणाले, "सगळे मिळून २५ हजार." सगळे म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही. दुसरे म्हणाले, "दीड हजार द्या, उद्या सर्च रिपोर्ट घेऊन जा." तिसऱ्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. सातबारा आहे का? फेरफार पाहिलेत का? अकृषिक आदेश आणि मंजूर लेआउट कुठे आहे? मग कागदावर लिहून दिले : ३० वर्षांचा शोध व लेखी अहवाल ४,५०० रुपये, खरेदीखताचा मसुदा ५,००० रुपये, वर्तमानपत्रातील जाहीर प्रगटनाचा खर्च बिलाप्रमाणे. मुदत पंधरा दिवस. "आणि जागा घेऊ नका असे मी सांगितले, तरी साडेचार हजार द्यावे लागतील," असेही ते म्हणाले.

हे शेवटचे वाक्य मला पटले. व्यवहार झाला तरच ज्याला पैसे मिळणार, त्याच्या तोंडून 'घेऊ नका' कसे निघेल? म्हणूनच किमतीवर टक्क्याने फी मागणाऱ्यापेक्षा ठरावीक फी सांगणारा बरा. दीड हजारवाल्यांचा उद्याचा रिपोर्ट कसा निघणार होता, तेही नंतर कळले. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या जिल्ह्यांची सूची साधारण २००२ पासूनची मिळते. त्याआधीच्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील जुनी पुस्तके उघडावी लागतात. ते काम एका रात्रीत होत नाही.

तिसऱ्यांना काम दिले. त्यांनी फेरफार काढला. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर तीन मुलांची नावे लागली होती. दोन मुली होत्या, पण त्यांचे नावही नव्हते आणि हक्कसोडपत्रही नव्हते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मागे मुलगीही मुलाइतकीच वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती जन्माने समान हिस्सेदार झाली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. जाहीर प्रगटन छापून येताच एका मुलीची लेखी हरकत आली.

व्यवहार तिथेच थांबला. ५१ हजारांपैकी ४० हजार सहा महिने खेटे घातल्यावर परत मिळाले. पावतीवर नीट मजकूर नव्हता, पैसे रोखीचे होते. उरलेले ११ हजार बुडाले. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे, हे मला ठाऊक असायला हवे होते. ११ हजार ही माझी शिकवणी फी समजतो. पण ती अक्कल चार दिवस आधी आली असती, तर तेही वाचले असते.

फीची तुलना कशी करावी?

तीन रकाने आखा. पहिला सरकारी रकमांचा. मुद्रांक शुल्क हे ठरलेली किंमत किंवा शासनाच्या दरतक्त्याने येणारे मूल्य, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांहून जास्त नाही. या रकमा कोणत्याही वकिलाकडे गेलात तरी सारख्याच. घर किंवा फ्लॅट स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. रिकाम्या प्लॉटला ती धरू नका. दुसरा रकाना किरकोळ खर्चाचा : शोध शुल्क, नकला, प्रगटन. त्याच्या पावत्या मागा. तिसरा रकाना वकिलाच्या मेहनतीचा. तुलना फक्त या तिसऱ्या रकान्याची करायची. 'सगळे मिळून' या दोन शब्दांत हे तिन्ही रकाने एकत्र होतात आणि गरिबाचा हिशेब तिथेच चुकतो.

आणखी एक सावधगिरी. कर्ज देणारी बँक स्वतःच्या पॅनलवरील वकिलाकडून कागद तपासते, पैसे मात्र आपल्याकडून घेते. तो अहवाल बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून असतो. त्याची प्रत मागून वाचा, पण त्यालाच आपला वकील समजू नका.

आपल्या भागाचे कागद वेगळे

खून-मारामारीच्या खटल्यांत गाजलेला वकील जमिनीच्या कागदात निष्णात असेलच असे नाही. दिवाणी आणि महसुली कामे करणारा वकील पाहा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. इथे कुळांचे हक्क १९५० च्या हैदराबाद कायद्याने आणि इनामे १९५४ च्या कायद्याने ठरली. जुने कागद अनेकदा उर्दूत असतात. म्हणून वकिलाला सरळ विचारा, "१९५४-५५ चे खासरा पत्रक पाहणार का?" जो हा शब्द ऐकून गोंधळतो, त्याला नमस्कार करून उठा.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असेल, तर शासनाच्या परवानगीशिवाय खरेदी टिकत नाही. आदिवासीची जमीन असेल, आणि कळमनुरीकडे आंध बांधवांच्या जमिनी बऱ्याच आहेत, तर बिगर आदिवासीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. दलाल "चालतं हो" म्हणेल. पण ती जमीन आपल्याइतक्याच गरीब माणसाची आहे, हेही ध्यानात ठेवा. गायरानावरचा प्लॉट तर विकणाऱ्याचा नसतोच.

आता बाँडविषयी. १०० रुपयांहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानेच आपली होते; १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा हेच सांगतात. नुसत्या मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'सूरज लँप' प्रकरणात स्पष्ट केले. २०२४ पासून शंभराचा बाँड पाचशेचा झाला, म्हणून त्याची ताकद पाचपट झाली असे कोणी समजू नये!

पैसे नाहीत म्हणून थांबू नका

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री, यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला सोबत न्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारात असते. दूरध्वनी क्रमांक १५१००. तिथे ३० वर्षांचा शोध कोणी फुकट करून देईल अशी अपेक्षा धरू नका. पण इसार देण्याआधी चार कागद दाखवून सल्ला घेता येतो, आणि फसवणूक झालीच तर वकीलही मिळतो.

वकिलाकडे जाताना घरातील बाईमाणसाला सोबत न्या. सनद क्रमांक विचारायला लाजू नका. "विकणाऱ्याची कामे तुम्ही करता का?" हे विचारा. फी लेखी घ्या, रक्कम धनादेशाने द्या, अहवाल सहीचा घ्या आणि त्याची एक प्रत घरी जपून ठेवा.

पुढे आठ महिन्यांनी आम्ही दुसरी जागा घेतली, त्याच वकिलांकडून तपासून, दोघांच्या नावे, नोंदणी करून. थोडी लांब आहे, पाण्याची अडचण आहे, पण रात्री झोप लागते. खरेदीखत घरी आणले तेव्हा अक्काने ते हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि विचारले, "यात सगळ्या बहिणींच्या सह्या हायत ना रे?" होत्या. विकणाऱ्याच्या तिन्ही बहिणींच्या होत्या. मी तिला एकेक सही दाखवली, तेव्हा कुठे तिने पेढा तोंडात घातला.