सध्या कोणती तबकडी ऐकता?

जाझचे शौकीन भेटले म्हणजे क्षेमकुशल राहते बाजूला आणि पहिला प्रश्न निघतो, 'सध्या कोणती तबकडी ऐकता?' उत्तरादाखल गीताचे नाव सांगून सुटका होत नाही. कोणी वाजविले, कोणत्या साली, साथीस कोण होते, हे सारे सांगावे लागते. आम्हां केजकरांस हा प्रकार चमत्कारिक वाटेल. परंतु एकच अभंग दोन भजनी मंडळे निरनिराळ्या चालींत म्हणतात, तेव्हा घरी परतताना आपणही चालीविषयीच बोलत नाही काय? जाझचा वादक मूळ चाल एकदा ऐकवितो, आणि मग तिचा सांगाडा कायम ठेवून त्यावर जागच्या जागी नवे स्वर रचितो. म्हणून एकाच गीताच्या दहा तबकड्या या दहा निराळ्या वस्तू होत.

या संगीताचा उगम अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत झाला. जुनी तबकडी लाखेच्या मिश्रणाची असे, व तिच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या पुठ्ठ्यात बांधून विकीत, म्हणून 'आल्बम' हे नाव. १९४८ साली लांब वाजणारी तबकडी निघाली. वही गेली, नाव मात्र राहिले.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. शहरातील गोमंतकीय वादकांस या संगीताने वेड लाविले. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांस लहानपणीच स्वरलिपी व व्हायोलिन शिकविलेले असे. पण जाझची लय कागदावर उतरत नाही. ती शिकविणार कोण? बऱ्याच अंशी तबकडीच! सुई उचलावी, मागे ठेवावी, तोच तुकडा पुनःपुन्हा ऐकावा. अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रंपेटवादक याच पिढीचे. लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. पुढे ते पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या साथीस आले, आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात जाझचा ठसका घराघरांत पोहोचला.

त्या गीतांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. ट्रंपेट फुंकणाऱ्याचे नसे. 'हा वाजविणारा कोण?' असे हटकून विचारणारे श्रोते होते म्हणूनच यांतील कित्येक नावे आज उरली आहेत. आम्हांस या शौकिनांच्या चौकसपणाचे मोल वाटते ते यासाठी. सांप्रत प्रत्येकाच्या खिशात हजारो गीते आहेत, पण ती जो तो कानांत बोंडे घालून एकटाच ऐकतो. विचारणार कोण आणि सांगणार कोण?

आम्हांस कोणी विचारील तर आमचे उत्तर तयार आहे. या आठवड्यात आम्ही आर्मस्ट्राँगची १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकत आहो. आरंभी साथीवाचून एकटे ट्रंपेट आहे. पियानोवर अर्ल हाइन्स. गीत आर्मस्ट्राँगचे गुरू किंग ऑलिव्हर यांचे, आणि त्यांनीही ते त्याच साली मुद्रित केले होते. दोन्ही मुद्रिका एकामागून एक ऐकाव्या. आमच्या घरी शिष्याच्या बाजूने तीन मते पडली, गुरूच्या बाजूने एक. ते आमच्या वडिलांचे.